जोखीम मोजायला कोणता खेळ घ्यायचा? त्याआधी विम्याचं बघा

तुमचा प्रश्न मी असा समजले. पीएच.डी.साठी तुम्हाला बघायचंय की जोखीम टाळणारे शेतकरी पीक विमा जास्त काढतात का. मराठवाड्यातली 10 गावं, प्रत्येकी 20 असे 200 शेतकरी आणि खर्चाला 60,000 रुपये. माणूस जोखीम किती टाळतो हे मोजायला त्याला पैजांचा खेळ देतात. मार्गदर्शक म्हणतात त्यासाठी होल्ट-लॉरीचा दहा ओळींचा तक्ता वापरा, सगळे तोच वापरतात. तुम्ही कुठेतरी बिन्सवांगरची नाणेफेकीच्या पैजांची पद्धत वाचली आणि ती सोपी वाटली. तर कोणती घ्यायची, खरे पैसे द्यायचे की "समजा" म्हणून विचारायचं, आणि 200 माणसं पुरतील का?

मी गेली सतरा-अठरा वर्षं गावांत जाऊन असे खेळ खेळवतेय. त्यातली पहिली तीन-चार तर चुका करण्यातच गेली. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते, पण तुमची खरी अडचण खेळात नाही, विम्यात आहे. खेळ कितीही नीट खेळवला तरी विम्याबाजूचा घोळ सुटला नाही तर आकडे हातात येतील आणि त्यांचा अर्थ लागणार नाही. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

पुस्तकात सरळ असतं: ज्याला जोखीम नको तो हप्ता भरून ती दुसऱ्याच्या गळ्यात घालतो. पण यासाठी एक अट लागते. नुकसान झालं की भरपाई यायला हवी. आपल्याकडच्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत भरपाई मुख्यतः महसूल मंडळाच्या सरासरीवर ठरते. मंडळात पीक कापणी प्रयोग होतात, सरासरी उत्पन्न उंबरठा उत्पन्नाच्या, म्हणजे आधीच ठरवलेल्या पातळीच्या, खाली गेलं तर मंडळातल्या सगळ्यांना पैसे, नाही गेलं तर कुणालाच नाही. आता एका शेतकऱ्याच्या जागी उभं राहून बघा. त्याचं सोयाबीन नाल्याकाठी आहे, पाण्यात गेलं. मंडळाची सरासरी मात्र ठीक आली. त्याचं पीकही गेलं आणि हप्ताही गेला. म्हणजे विमा काढून त्याची सगळ्यात वाईट अवस्था आणखी वाईट झाली. ज्याला वाईट अवस्थेचीच सगळ्यात जास्त भीती आहे, त्याने हा विमा का घ्यावा? डॅनियल क्लार्क यांनी 2016 मध्ये हेच गणितात मांडून दाखवलं: निर्देशांकावर (पावसासारख्या मोजमापावर) किंवा सरासरीवर चालणाऱ्या विम्याची मागणी जोखीम टाळण्याच्या वृत्तीबरोबर आधी वाढते आणि मग पुन्हा घटते. अतिशय घाबरट माणूस आणि बिनधास्त माणूस दोघंही विमा घेत नाहीत, कारणं मात्र उलटी.

हे नुसतं कागदावरचं नाही. झेवियर जिने, रॉबर्ट टाउनसेंड आणि जेम्स व्हिकरी यांनी तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या पर्जन्य विम्याचा अभ्यास 2008 मध्ये छापला. त्यात जोखीम टाळणाऱ्या घरांनी विमा कमी घेतला होता, पुस्तकाच्या बरोबर उलट. विमा विकणाऱ्या संस्थेशी ज्यांची आधीची ओळख नव्हती, त्यांच्यात हे जास्त दिसलं. अनोळखी माणसाने आणलेला अनोळखी कागद हीच त्यांच्या लेखी जोखीम होती. शॉन कोल आणि सहकाऱ्यांचा 2013 चा अभ्यास आंध्र आणि गुजरातमधला. तिथेही किंमत, विश्वास आणि त्या घडीला हातात रोकड असणं यांचं वजन मोठं निघालं.

म्हणून "जोखीम टाळणारे विमा जास्त घेतात" हे गृहीतक धरून निघालात तर उत्तर कुठल्याही बाजूला आलं तरी तुम्ही अडकणार. शून्य आलं तरी अडकणार, कारण दोन विरुद्ध प्रवाह एकमेकांना खाऊन टाकू शकतात. उपाय अवघड नाही. प्रत्येकाला दोन गोष्टी जास्तीच्या विचारा. एक, गेल्या काही हंगामांत "माझं पीक गेलं पण मंडळात नुकसान धरलं नाही" असं किती वेळा झालं. दोन, भरपाई खरंच खात्यात जमा होईल असं दहापैकी किती वाटतं. मग तुमचा प्रश्न असा होतो: विश्वास असलेल्यांत जोखीम-वृत्ती आणि विमा यांचा संबंध काय, आणि नसलेल्यांत काय? हा प्रश्न मला तुमच्या मूळ प्रश्नापेक्षा जास्त आवडतो, आणि परीक्षकांनाही आवडेल.

आता विम्यातलाच दुसरा घोळ, आणि हा आपल्या राज्यापुरता आहे. कोणत्या हंगामाचा विमा तुम्ही बघणार आहात हे प्रश्नात लिहिलेलं नाही. 2023 च्या खरिपापासून महाराष्ट्रात 1 रुपयात पीक विमा होता. 1 रुपयाला मिळणाऱ्या वस्तूची खरेदी माणसाच्या जोखीम-वृत्तीबद्दल काही सांगत नाही. ती सांगते की सातबारा कुणाच्या नावावर आहे, ई-पीक पाहणी (मोबाइलवरून पिकाची नोंद) कुणी केली आणि ऑनलाइन अर्ज भरून देणारं केंद्र किती लांब आहे. 2025 च्या खरिपापासून शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा लागू झाला: विमा संरक्षित रकमेच्या खरिपाला 2 टक्के, रब्बीला 1.5 टक्के, नगदी पिकांना 5 टक्क्यांपर्यंत. त्यामुळे 2025 चा खरीप किंवा त्यानंतरचा हंगाम घ्या. 2023 आणि 2024 चे आकडे विचारून ठेवा, पण ते "अर्ज भरता येतो का" याचं माप म्हणून वापरा, विम्याच्या मागणीचं म्हणून नव्हे.

कर्जदारांनाही वेगळं काढा. 2020 च्या खरिपापासून योजना ऐच्छिक आहे हे खरं, पण पीककर्ज घेतलेल्याने बँकेला मुदतीत लेखी नकार दिला नाही तर हप्ता कापला जातो. म्हणजे कर्जदाराचा विमा ही बऱ्याचदा त्याची निवड नसून न केलेली निवड असते. "विमा आहे का?" एवढंच विचारू नका, "तो कसा निघाला?" हे विचारा. माझ्या अनुभवात कित्येकांना आपला विमा आहे हेच माहीत नसतं.

विम्याचं एवढं पुरे. आता खेळ.

होल्ट-लॉरीचा तक्ता 2002 चा, अमेरिकेत तयार झालेला. दहा ओळी असतात. प्रत्येक ओळीत डावीकडे एक सुरक्षित पैज, 2 डॉलर किंवा 1.60, आणि उजवीकडे एक धोक्याची, 3.85 डॉलर किंवा 0.10. रकमा दहाही ओळींत त्याच राहतात, बदलते ती शक्यता: पहिल्या ओळीत मोठी रक्कम मिळण्याची शक्यता दहात एक, दुसरीत दहात दोन, असं करत शेवटी दहात दहा. माणूस वरच्या ओळींत डावीकडे असतो, कुठेतरी उजवीकडे वळतो. जिथे वळला तिथे त्याची वृत्ती. नुसतं सरासरीवर चालणारा माणूस चार वेळा डावं घेऊन पाचव्या ओळीला वळतो. त्याहून उशिरा वळला तर तो जोखीम टाळतो.

तक्ता देखणा आहे आणि विद्यापीठातल्या मुलांवर चांगला चालतो. गावात मी तो पहिल्यांदा नेला तेव्हा पिशवीत रंगीत गोट्या घालून शक्यता समजावल्या होत्या, अगदी मनापासून. तरी जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याची माणसं डावीकडून उजवीकडे, परत डावीकडे अशी उड्या मारत होती. मला वाटलं गणित कळलं नसेल. मग एका आजोबांनी विचारलं, "बाई, दहा वेळा तेच विचारताय, म्हणजे माझं पहिलं उत्तर चुकलं का?" आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शाळेत मास्तर तोच प्रश्न पुन्हा विचारतो तेव्हा उत्तर बदलायचं असतं, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. मी दहा ओळींचा तक्ता दिला असं समजत होते, त्यांच्या दृष्टीने मी दहादा उलटतपासणी घेत होते.

हे फक्त आपल्याकडचं नाही. सारा जेकबसन आणि रॅगन पेट्री यांना रवांडात निम्म्याहून जास्त लोकांच्या जोखमीच्या निवडींत निदान एक विसंगती सापडली. गॅरी चारनेस आणि अँजेलिनो व्हिसेझा यांनी सेनेगलच्या खेड्यांत तीन पद्धती शेजारी ठेवून पाहिल्या, तिथेही होल्ट-लॉरीची समज सगळ्यात कच्ची निघाली.

"विसंगत उत्तरं गाळून टाकू" असं म्हणाल तर थांबा, कारण हा सापळा वाटतो त्यापेक्षा खोल आहे. गाळले जाणारे कमी शिकलेले असतात, म्हणजे नमुना वाकडा होतो. ठेवले तर आणखी वाईट. समजा एखादा माणूस काहीच न समजता प्रत्येक ओळीला नाणं उडवून उत्तर देतोय. दहा ओळींत तो सरासरी पाच वेळा डावं घेईल. चारच्या पुढे गेलं की आपण जोखीम टाळणारा म्हणतो, म्हणून हा गोंधळलेला माणूस तुमच्या फायलीत "थोडा जोखीम टाळणारा" म्हणून नोंदला जाईल. मग तुम्ही रिग्रेशन (कशाचा कशाशी संबंध आहे ते काढणारं गणित) चालवाल आणि छान ठळक निष्कर्ष येईल: शिक्षण वाढलं की माणूस जोखीम घेतो. प्रत्यक्षात शिक्षण वाढलं की तक्ता कळतो, एवढंच. ओला अँडरसन आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये हीच गोष्ट नीट उलगडून दाखवली: तक्त्याची रचना बदलली की बुद्धी आणि जोखीम यांतला "संबंध" दिशासुद्धा बदलतो. तुमच्या बाबतीत विम्याचा अर्ज भरता येणं आणि तक्ता कळणं, दोन्ही शिक्षणाला बांधलेलं आहे. म्हणजे खोटा संबंध निघण्याची पूर्ण सोय झालेली आहे.

म्हणून माझं मत बिन्सवांगरच्या बाजूने. आणि ही पद्धत मुळात आपल्याच मातीतली आहे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीच्या संशोधन संस्थेने 1975 पासून काही गावांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्यात सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर आणि कळमण होतं, अकोल्याकडचीही दोन गावं होती. हान्स बिन्सवांगर यांनी त्या अभ्यासातल्या 240 कुटुंबांत हा खेळ खेळवला आणि 1980 मध्ये छापला. अर्थशास्त्रातल्या प्रयोगांची गोष्ट सांगताना सगळे थेट अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत पोचतात. खऱ्या, मोठ्या रकमा लावून जोखीम मोजण्याचं हे काम कोरडवाहू शेतकऱ्यांबरोबर आधी झालंय, हे आपल्या विद्यार्थ्यांना कुणी सांगत नाही.

खेळ एवढाच: एक नाणं, छापा की काटा. समोर काही पैजा, त्यातली एक निवडायची. 50 रुपयांच्या पातळीवर पहिली पैज होती छापा पडो की काटा, 50 रुपये पक्के. दुसरी 45 किंवा 95. तिसरी 40 किंवा 120. मग 30 किंवा 150, 10 किंवा 190, आणि शेवटची 0 किंवा 200. वरून खाली सरासरी वाढते, 50 पासून 100 पर्यंत, आणि धोकाही वाढतो. शेवटच्या दोन पैजांची सरासरी मात्र सारखीच, 100. त्यामुळे शेवटची घेणारा धोक्याला भीत नाही असं समजायचं. मूळ खेळात आणखी दोन पैजा होत्या, 35 किंवा 125 आणि 20 किंवा 160. त्यांची सरासरी शेजारच्या पैजेइतकीच पण धोका जास्त. मी त्या वगळते. सहा कार्डं आणि एक नाणं. शक्यता समजावून सांगायची गरज नाही, टॉस सगळ्यांना कळतो.

बदल्यात काय गमावता तेही सांगते. सहाच पायऱ्या मिळतात, म्हणजे माप जाडंभरडं. जोखीम आवडणारा आणि जोखमीकडे दुर्लक्ष करणारा यांत फरक कळत नाही. आणि सगळा खेळ मिळकतीचा आहे, तोट्याचा नाही. विमा तर तोट्याचाच मामला आहे, तोही क्वचित येणाऱ्या मोठ्या तोट्याचा. माणसं तोट्याला नफ्यापेक्षा जास्त वजन देतात आणि बारीक शक्यतांना वाढवून धरतात, हे कानमन आणि ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये मांडलं. एलेन लिउ यांना चीनमधल्या कापूस उत्पादकांत ही दोन्ही आणि जोखीम-वृत्ती वेगवेगळी मोजून 2013 मध्ये दाखवता आलं: तोट्याला घाबरणारे बीटी कापसाकडे उशिरा वळले, बारीक शक्यता वाढवून धरणारे लवकर वळले, कारण बोंडअळीची भीती त्यांना जास्त वाटत होती. तुमच्या प्रबंधाचा गाभाच तोट्याची भीती असेल तर सहा कार्डं अपुरी आहेत, आणि मग लांब तक्ते व दुप्पट प्रशिक्षण याला पर्याय नाही. 60,000 रुपयांत आणि पहिल्याच प्रयोगात मी ते करणार नाही. पण हा निर्णय परिस्थितीवर आहे, तुमचे मदतनीस किती तयार आहेत यावरही.

खरे पैसे की "समजा"? बिन्सवांगर यांनी दोन्ही करून पाहिलं होतं. नुसत्या मुलाखतीतून आलेली उत्तरं खऱ्या पैशांच्या खेळाशी अजिबात जुळली नाहीत, आणि मुलाखत कोण घेतोय यावर ती हलत होती. होल्ट-लॉरींनी रकमा 20, 50 आणि 90 पट केल्या. खरे पैसे असताना माणसं जास्त सावध झाली, "समजा" असताना फरक पडला नाही. म्हणून पैसे खरे द्या.

पण नुसता प्रश्नही टाकाऊ नाही. थॉमस डोमेन आणि सहकाऱ्यांनी जर्मनीतल्या सुमारे 22,000 माणसांच्या सर्वेक्षणात 0 ते 10 पट्टीवरचा एकच प्रश्न वापरला, "तुम्ही साधारणपणे जोखीम घ्यायला किती तयार असता?" आणि तो खऱ्या पैशांच्या प्रयोगाशी आणि प्रत्यक्ष वागण्याशी बऱ्यापैकी जुळला. तो तुम्हीही विचारा, फुकट आहे. फक्त मराठी करताना जपा. पहिल्या वेळी मी "जोखीम घ्यायला तयार असता का" असं विचारलं आणि सगळ्यांनी 9 किंवा 10 सांगितलं. नंतर कळलं की "जोखीम घेणे" म्हणजे जबाबदारी अंगावर घेणे असं ऐकलं जात होतं, आणि बायकांना "जोखीम" म्हणजे अंगावरचे दागिने! "धोका" म्हटलं तर काहींना फसवणूक आठवते. शेवटी "रिस्क घेता का?" हेच सगळ्यांना बरोबर कळलं. मराठीच्या नावाने हळहळून घेतलं आणि प्रश्नावलीत "रिस्क" छापलं.

रकमेचा हिशेब. बिन्सवांगर यांच्या सगळ्यात मोठ्या रकमा मजुराच्या महिन्याच्या कमाईच्या वर होत्या. तुम्हाला ते परवडणार नाही. वरचे आकडे दुप्पट करा: 100 पक्के, 90/190, 80/240, 60/300, 20/380, 0/400. बहुतेक जण मधली कार्डं उचलतात असं धरून माणशी सरासरी 160 रुपये, 200 माणसांचे 32,000. यायचे म्हणून प्रत्येकी 50 वेगळे द्या, खेळात शून्य आलेला माणूस रिकाम्या हाताने घरी जाता कामा नये. ते 10,000. उरले 18,000, प्रवास आणि मदतनीस. नाण्यांनी दगा दिला तर बजेट बुडेल का, ही भीती प्रत्येकाला वाटते. 80/240 वाल्या पैजेचं प्रमाण विचलन (सरासरीपासून आकडे साधारण किती लांब पडतात ते) 80, आणि 200 माणसांच्या बेरजेचं 80 गुणिले 200 चं वर्गमूळ, म्हणजे साधारण 1,130. दोन-अडीच हजार हाताशी ठेवले की झोप लागते.

पैसे रोख द्या, तिथेच, बंद पाकिटात, एकेकाला बाजूला घेऊन. "मॅडम, फोनपे करा ना" असं पोरं म्हणतील. नंतर करते म्हणालात की खेळ बदलला: आता तो जोखमीचा राहिला नाही, तुमच्यावरच्या विश्वासाचा झाला. आणि तुमच्या अभ्यासात विश्वास हाच दुसरा मोठा घटक आहे, त्यामुळे दोन्ही मापं एकमेकांत मिसळतील.

एक गोष्ट कुठल्या पुस्तकात नव्हती. एका गावात तीन माळकरी उठून गेले. "नाणं उडवून पैसे म्हणजे जुगार, माळेला चालत नाही." मी समजूत घातली नाही आणि तुम्हीही घालू नका, पण नोंद जरूर करा. असे लोक सावध वृत्तीचेच असण्याची शक्यता आहे, आणि ते बाहेर गेले की नमुन्यात बिनधास्त माणसं उरतात. आता मी नाण्याऐवजी पावसाची गोष्ट सांगते: दोन चिठ्ठ्या, "पाऊस झाला" आणि "ओढ दिली", आणि सहा कार्डं म्हणजे बियाण्याचे सहा वाण. उठून जाणारे कमी झाले. पण याचीही किंमत आहे. माणूस आपल्या शेतातला पाऊस आठवून खेळतो आणि निम्मी-निम्मी शक्यता मानतच नाही. तुमच्या गावांत वारकरी बरेच असतील तर चिठ्ठ्या, नसतील तर नाणं.

गावातली सगळी माणसं एकाच दिवशी उरका. दुसऱ्या दिवशी येणाऱ्याला आधीच ठाऊक असतं की अमक्याने 400 ची पैज घेतली आणि शून्य आलं. पारावर त्याची रात्रभर चर्चा झालेली असते.

राहिला 200 चा प्रश्न. ढोबळ नियम असा: दोन गोष्टींतला सहसंबंध (0 म्हणजे संबंध नाही, 1 म्हणजे पूर्ण) पकडायचा असेल, 80 टक्के खात्रीने आणि नेहमीच्या 5 टक्के पातळीवर, तर साधारण 8 भागिले त्या सहसंबंधाचा वर्ग एवढी माणसं लागतात. सहसंबंध 0.2 असेल तर 8 भागिले 0.04, म्हणजे 200. छान जुळलं असं वाटेल. पण 0.2 हा मोजलेला सहसंबंध आहे. जोखमीचं कुठलंही माप गढूळ असतं, आज एक कार्ड उचलणारा महिन्याने दुसरं उचलतो. मापाची विश्वासार्हता, म्हणजे पुन्हा मोजलं तर तेच उत्तर किती येतं ते, 0.5 धरली (हा आकडा मी उदाहरणापुरता घेतेय, तुमचा पायलटमधून, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीतून काढा) तर खरा सहसंबंध त्याच्या वर्गमुळाने, म्हणजे 0.71 ने, आकसून दिसतो. 200 माणसांत काही दिसायचं तर खरा संबंध 0.28 हवा. वृत्ती आणि विमा यांत इतका घट्ट संबंध असेल असं मी पैजेवर सांगणार नाही.

इथे माणसं वाढवण्याआधी मापं वाढवा. सहा कार्डांनंतर दुसरा छोटा खेळ घ्या, युरी ग्नीझी आणि यान पॉटर्स यांचा, 1997 चा. त्याचं सोपं रूप असं: 100 रुपये दिले, त्यातले हवे तेवढे लावा. छापा आला तर लावलेले अडीच पट, काटा आला तर गेले. शेवटी चिठ्ठी काढून दोनपैकी एकाच खेळाचे पैसे द्यायचे, म्हणजे खर्च वाढत नाही, उलट थोडा घटतो. दोन्ही मापांत 0.5 सहसंबंध असेल तर त्यांच्या सरासरीची विश्वासार्हता 0.67 होते, आणि 0.28 ऐवजी 0.245 चा संबंध तुमच्या आवाक्यात येतो. शिवाय एक माप दुसऱ्याला साधन म्हणून वापरून गढूळपणा दुरुस्त करण्याची पद्धत बेन गिलेन, एरिक स्नोबर्ग आणि लीट यारिव्ह यांनी 2019 मध्ये नीट लिहून ठेवली आहे. तीच वापरा.

10 गावांऐवजी 20 गावांत प्रत्येकी 10 माणसं घ्या. विमा गावागणिक झुंडीने निघतो, एका सक्रिय केंद्रचालकाच्या गावात सगळ्यांचा असतो. त्यामुळे एकाच गावातली 20 माणसं म्हणजे 20 स्वतंत्र माणसं नव्हेत. शिवाय एका गावातली माणसं सारखी असतात हे हिशेबात धरणारी नेहमीची क्लस्टर दुरुस्ती फक्त 10 गटांवर विसंबण्याजोगी नसते. प्रवास वाढेल, पण दोन शेजारची गावं सकाळ-संध्याकाळ करता येतात.

एवढ्या लांबलचक उत्तरातून मार्गदर्शकांपुढे काय न्यायचं ते एका दमात सांगते: 2025 चा खरीप किंवा त्यानंतरचा हंगाम, कर्जदार वेगळे, विश्वास आणि मंडळाचा अनुभव मोजलेला, होल्ट-लॉरीऐवजी सहा कार्डं आणि जोडीला ग्नीझी-पॉटर्स, रोख पैसे, 20 गावं. ते म्हणतील की होल्ट-लॉरी नसेल तर जर्नल घेणार नाही. त्यांना इक्रिसॅटची गावं आठवून द्या, आणि तरी ऐकलं नाही तर पायलटमध्ये दोन्ही खेळवून विसंगत उत्तरांचा आकडा समोर ठेवा. वाद घालण्यापेक्षा तो लवकर काम करतो.

पायलट 20 जणांचं करा, अभ्यासाबाहेरच्या गावात. माणशी 210 धरून 4,200 रुपये जातील, ते 18,000 मधून आत्ताच बाजूला काढा. पायलटमध्ये एक फसवं कार्ड ठेवा: 80/240 च्या शेजारी 80/200. दुसरं उचलणाऱ्याला काहीही कळलेलं नाही, त्यात आवडीनिवडीचा प्रश्नच येत नाही. 20 पैकी तीन-चार जणांनी ते उचललं तर चूक तुमच्या समजावण्यात आहे, तेव्हा बोलण्याची संहिता बदला आणि पुन्हा करा. आणि खेळ संपल्यावर प्रत्येकाला, नाणं खिशात टाकून, सहज विचारा: "हे आम्ही कशासाठी केलं असेल असं वाटतं?" मला एकदा उत्तर मिळालं होतं, "तुम्ही विमा कंपनीच्या आहात, आमचा हप्ता ठरवायला आलात." त्या दिवसाचा सगळा डेटा मी बाजूला ठेवला, आणि पुढच्या गावात पोचल्यावर आधी ग्रामपंचायतीत बसून चहा घेतला, सरपंचबाईंसमोर ओळखपत्र दाखवलं आणि विम्याचे प्रश्न खेळाच्या नंतर, अगदी शेवटी ढकलले.

पायलटचे आकडे आले की इथे टाका, विश्वासार्हतेचा हिशेब तुमच्या आकड्यांवर पुन्हा करून देते.